नवस सासूबाईंचा, पाय माझे

आये, काल मी जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या पायी चढले. वर जायला आता ट्रॉली आहे, बसलं की पोचलं. पण नवस बोलल्या होत्या सासूबाई, आणि नवसात 'सून पायी चढून ओटी भरेल' असा शब्द गेला होता. स्वतः मात्र गुडघे धरून ट्रॉलीने गेल्या. वा रे न्याय! तू असतीस तर त्यांना तोंडावर सुनावलं असतंस, आणि मग मला कोपऱ्यात ओढून म्हणाली असतीस, "जा गप, चढ." मी बारावीत असताना तू गेलीस. माझं लग्न, हा तुळिंजचा फ्लॅट, माझा नवरा, यातलं तुला काहीच माहीत नाही. तरी कालचं सांगायला दुसरं कोणी सापडेना. तू कोणाला सांगणार नाहीस, एवढी एकच खात्री आहे. लिहून झालं की हा कागद गॅसवर धरणार आहे.

गेल्या वर्षी मला दिवस राहिले होते. टेस्टवर दोन रेघा आल्या आणि सासूबाईंनी त्याच संध्याकाळी बिल्डिंगभर पेढे वाटले. पाचूबंदरला मावशीपर्यंत बातमी गेली. तिसऱ्या महिन्यात पोटात कळा सुरू झाल्या आणि सगळं गेलं. पिशवी साफ करावी लागली. मग ज्यांनी ज्यांनी पेढे खाल्ले त्या सगळ्यांना एकेक करून सांगत बसायचं. वॉचमनच्या बायकोला कोणी सांगितलंच नाही, ती जिन्यात भेटली की हसून विचारायची, "भाभी, कौनसा महीना?" बरं, मूल गेलं ते गेलं, दुखणं मुक्कामाला राहिलं. अंगावरून थोडं थोडं जायचं ते थांबेचना. रक्त कमी झालं, जिना चढले की दम लागायचा, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. शेवटी डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, तर पिशवी आतून एका जागी चिकटलेली. ती त्यांनी मोकळी केली, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "पाळी नीट येतेय तोवर काळजी नाही. चुकली तर आधी टेस्ट करा आणि लगेच या. पुन्हा चिकटू शकते." त्याच सुमारास सासूबाईंनी नवस बोलला, सुनेचं अंगावरून जाणं थांबू दे. देवीने ऐकलं. जाणं थांबलं, दोन महिने पाळी शहाण्यासारखी आली, आणि या महिन्यात तारीख उलटून गेली तरी आलीच नाही.

म्हणजे दोनांतलं एक. आत कोणीतरी आलंय, नाहीतर पिशवी परत चिकटलीय. टेस्ट करून मोकळी हो, असं तू म्हणशील. अगं, खाली मेडिकलवाला सासूबाईंच्या भजनातल्या बाईचा मुलगा, त्याच्याकडून घेणं म्हणजे माइक लावून सांगणं. पण हे झालं निमित्त. स्टेशनपलीकडे दहा मेडिकल आहेत. एक रेघ आली तर दार बंद झालं असेल, आणि दोन आल्या तर तो तिसरा महिना परत समोर उभा. म्हणून मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो चांगला आहे गं, पण सांगितलं तर त्याचा चेहरा उजळेल, आणि तो उजळलेला चेहरा मला परत विझवता येणार नाही.

तुझं ते आठवतं. मी चौथीत होते. तू मोरीत बसलेली, दोन्ही हात भिंतीला. "पानी आन," एवढंच म्हणालीस. मी हंड्यातून तांब्या भरभरून देतेय आणि मोरीतून लाल पाणी वाहतंय. मी रडायला लागले तर माझ्यावरच खेकसलीस, "काय नाय झाला. कोनाला बोलू नको." दुसऱ्या दिवशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पापडीच्या बाजारात हजर. संध्याकाळी येताना एक मोठं पापलेट घरी आणलंस. आपल्या घरात पापलेट! गिऱ्हाइकाचं ते, आपल्याला कधी दिसायचं नाही. तळून अख्खं माझ्या ताटात वाढलंस आणि समोर बसून बघत राहिलीस, "तू तरी खा." मला वाटलं, काहीतरी सण आहे. पुढे तू कंबरेला जुनं लुगडं घट्ट बांधून हिंडायचीस, तेव्हाही कोणी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मोठी झाल्यावर मला तुझा राग यायचा, ही बाई आहे की दगड. आता नाही येत. आता वाटतं, एका तरी बाईला सांगायचं होतंस. बाजारात शेजारी बसायची तिला सांगायचं होतंस.

असो. काल निघताना सासूबाईंनी दारातच विचारलं, "अडचण नाही ना गं? देवळात जायचंय." त्यांना तारखा पाठ. मी म्हटलं, "झाली की मागच्या आठवड्यात." सरळ थाप मारली, तीही देवीला जाताना. आलीच नाही म्हटलं असतं तर पायथ्यालाच पेढे आले असते. मग चढायला लागले. नवरा नारळ आणि खणाची पिशवी घेऊन पुढे, मी मागे कठड्याला धरून. निम्म्यावर आले आणि ओटीपोटात एक बारीक कळ आली. मी तिथेच थबकले. मागच्या वेळची पहिली कळ अशीच होती. आत कोणी असेल तर मी त्याला या उन्हात, या पायऱ्यांवर काय करतेय? खाली उतरावं तर कारण काय सांगणार? नवरा परत आला, "दम लागला? बस जरा. आईला नाही सांगत." मला त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. "चल रे, काही नाही," म्हटलं आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढले. वर पोचल्या पोचल्या बाथरूम शोधून आत जाऊन बघितलं. काही नव्हतं.

देवळात सासूबाई वाट बघत बसलेल्या. त्यांनीच ओटीचं साहित्य माझ्या ओंजळीत ठेवलं, आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझं दुखणं गेलं, नवस फिटला. आता मूल माग. मनापासून माग." त्यांचे डोळे भरले होते गं. वाईट नाही ती बाई. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मागितलं. ट्रॉलीत बसून उतरताना त्यांनी विचारलं, "मागितलंस ना?" मी मान हलवली.

मी मूल नाही मागितलं, आये. मी पाळी मागितली. म्हटलं, बाई गं, मला पाळी येऊ दे. आली म्हणजे पिशवी उघडी आहे, आणि आत गमवायला कोणी नाही. दोन्ही भीती एकदम सुटतील. मूल हवं म्हणून दोन वर्षं औषधं खाणारी मी, त्या एवढ्या मोठ्या देवीसमोर उभं राहून हे मागून आले.

पण मागच्या वेळी तिने लगेच ऐकलं होतं. याही वेळी ऐकलं, आणि आत कोणी असलं तर? काल खाली पोचेपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता सकाळची भांडी झाली, नवरा कामावर गेला, सासूबाई भजनाला गेल्यात, घरात मी एकटी. उठल्यापासून मी लघवीला गेलेले नाही, गेले तर बघावं लागेल. पोट तटतटलंय, आणि मी ओट्याशी उभी राहून तुला लिहितेय.