दुसरी नळी

नागपूर, १९७८

प्रिय पुष्पा,

परवा मी तुझ्याशी धड बोलले नाही, म्हणून तू फुरंगटून गेलीस. पोह्यांनाही थांबली नाहीस. रक्त दिलं की तर्री-पोहे, हा आपला ठरलेला व्यवहार. वर तुझं म्हणणं, ताईचं संशोधन असंच चाललं तर पोह्यांनी फुगून कोराडीच्या बसमध्ये मला दोन तिकिटं काढावी लागतील. परवा मला हसू आलं नाही. तुझ्याकडे बघायचीच हिंमत नव्हती.

पंचफुला गेली. बुटीबोरीकडची, तुझ्याच वयाची, वॉर्डात बसून तुला स्वेटरची वीण शिकवणारी. तिला ल्यूपस होता, ज्यावर मी इतकी वर्षं डोळे फोडते आहे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची शक्ती या रोगात शरीरावरच उलटते. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं. आधी बोटांचे सांधे, मग गालांवर लाली, मग मूत्रपिंडं. तिचे वडील देवराव दारात उभे होते. म्हणाले, "बाई, बिमारीचं नाव तं सांगितलं तुमी. आता दवाई सांगा." त्या दिवसापासून सूक्ष्मदर्शकापुढे बसायचाच वीट आला आहे.

तुला आमची रीत माहीत आहे. रोग्याच्या रक्ताची काच तपासताना शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची काच ठेवावी लागते, नाहीतर डोळे फसतात. कॉलेजच्या पोरी सुई पाहूनच पळायच्या. तूच बाही वर करून पुढे आलीस. तेव्हापासून माझी दुसरी नळी नेहमी तुझी. प्रयोगशाळेतले आमचे नत्थूजी तर तुझ्या नळीवर नावही लिहीत नाहीत, नुसतं 'निरोगी' लिहितात. तू ते सगळ्या कॉलनीत मिरवलंस.

ल्यूपसच्या रक्तात एक खूण दिसते. पांढरी पेशी दुसऱ्या पेशीचा गाभा गिळून, फुगून बसलेली असते. गेल्या महिन्यात ती मला दोन्ही काचांत दिसली. नळ्यांची अदलाबदल झाली म्हणून मी नत्थूजींवर डाफरले. ते एवढंच म्हणाले, "बाई, नळ्या नाही बदलल्या मी." मग तुझी नळी फुटली असं सांगून मी तुला परवा पुन्हा बोलावलं. नळी फुटली नव्हती, पुष्पा. या वेळी रक्त मी स्वतः काढलं, काच स्वतः केली, आणि नत्थूजींना बाहेर पाठवून एकटीनं पाहिली. ती पेशी तिथेच होती.

आता सगळंच आठवतं. सकाळी तुझी बोटं आखडतात, ती थंड पाण्यानं म्हणे. गाल लाल होतात, ते कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेनं. तुझ्या सासूबाईंनी तर सूर्य कोपला म्हणून तुला पौषातले सगळे रविवार उपाशी उन्हात बसवलं. त्यांनी मायेनंच केलं, त्यांना बोल लावू नकोस. पण या रोगाला ऊन म्हणजे विष. थंडीतसुद्धा छत्री घ्या, असं मी रोग्यांना बजावते, आणि माझीच बहीण अंगणात सूर्याकडे तोंड करून बसली होती.

उद्या रथसप्तमी. सासूबाईंच्या नवसासाठी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जाईपर्यंत तू उन्हात बसणार, असं तूच सांगितलंस. म्हणून हे पत्र टपालात न टाकता पहिल्या बसनं मीच घेऊन येते. तोंडानं सांगायला गेले तर मी रडेन आणि तूच मला समजावत बसशील. गोळ्या आपण लगेच सुरू करू. त्यांनी रोग थोपवून धरता येईल, किती दिवस ते मला माहीत नाही. बरं करणारं औषध माझ्याजवळ नाही, देवरावांना सांगायला नव्हतं तसंच. तू आत सावलीत बसून हे वाच. सासूबाईंचा नवस मोडायला नको. दूध उतू जाईपर्यंत तुझ्या पाटावर उन्हात मी बसते.

तुझीच,
शामलाताई