कॅरलचे मोजे

नेपरव्हिल, गुरुवार, १६ जानेवारी १९८६

आईची हॉस्पिसची नर्स कॅरल आजही दारातच बूट काढून आत आली. सांगितलं कोणीच नव्हतं. पहिल्या दिवशी आमच्या चपला बघून तिने आपणहून सुरू केलं. बर्फाने भिजलेले मोजे तसेच पायात ठेवून ती आईचं अंग पुसते, मॉर्फिन देते.

आज आईचं लक्ष त्या मोज्यांकडे गेलं. मला म्हणाली, "अरे, माझे लोकरीचे मोजे दे तिला. मला आता कुठे चालायचंय?"

आजार बरा होणारा नाही, हे आम्ही इतके दिवस तिच्यापासून लपवत होतो. कशासाठी? तिला सगळं ठाऊक होतं.

कॅरलने मोजे तिथेच चढवले आणि दोन्ही पाय उचलून आईला दाखवले. एरवी तोंडासमोर असे पाय केलेले आईला मुळीच खपले नसते.

आज खुदकन हसली. देवा, किती दिवसांनी!