पहिला जिवंत पक्षी

आई,

काल मी एका जिवंत पक्ष्याची मान ओढली आणि ती तुटून माझ्या मुठीत राहिली. बाकीचा पक्षी कुत्रीच्या तोंडात होता, आणि डोकं नसतानाही पंख मारत होता. हे तुला सांगतेय, कारण हे ऐकून ज्याला आधी किळस येणार नाही असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. तू आधी विचारलं असतंस, हात कुठे धरला होतास. मी दाखवलं असतं, आणि तू भांडी विसळता विसळता म्हणाली असतीस की चुकीचं धरलंस.

तू गेलीस तेव्हा मी पंचविशीत होते, लेस्टरमध्येच. आता मिल्टन कीन्सला राहते. नवरा आणि मी दोघंही बरेच दिवस घरूनच काम करतो, म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही एक काळी लॅब्राडोर आणली. शेजाऱ्यांची लॅब्राडोर दिवसभर सोफ्यावर लोळत असते, हीही तशीच लोळेल असं आम्ही धरून चाललो होतो. ज्या शेतकऱ्याकडून ती घेतली त्याने दोनदा अभिमानाने सांगितलं की हिचे आई-बाप दोघंही शूटवर काम करतात, बंदुकीने पाडलेले पक्षी गोळा करून आणतात. आम्ही माना डोलावल्या आणि पिल्लाचे कान बघत बसलो. पहिल्या वर्षात तिने सोफा खाल्ला, दोन दारांच्या चौकटी सोलल्या आणि रेडवेवरच्या, म्हणजे इथल्या सायकलवाटांवरच्या, सायकलींमागे धावायला लागली. व्हेटच्या रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, या कुत्रीला काम हवंय, आणि गावाबाहेर शेतावर गनडॉग, म्हणजे शिकारीच्या कामाचे कुत्रे, शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर तिने दिला. शिकारीच्या हौसेने मी तिथे गेले नाही. सोफा वाचवायला गेले.

बाई साठीच्या, एका गुडघ्याने लंगडणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. दोन वर्षं त्यांनी आम्हा दोघींना शिकवलं. मला वाटलं होतं की आणायला शिकवायचं असतं, पण आणणं तर ती जन्मतःच जाणत होती. शिकवायचं असतं न जाणं. नाकासमोरून ससा पळाला तरी बसून राहायचं, बंदूक वाजली तरी बसून राहायचं, शिटीचा एक लांब आवाज आला की धावताधावता जिथे असेल तिथे बसायचं. आधी कापडाच्या डमी, मग बाईंच्या फ्रीझरमधले मेलेले फेझंट, म्हणजे कोंबडीएवढे रानपक्षी, मग आदल्या दिवशी मारलेले. प्रत्येक वेळी तिने पक्षी हातात दिला की बाई त्याच्या छातीवर दोन्ही बाजूंनी बोटं दाबून बरगड्या तपासायच्या. शाबूत असल्या तर कुत्र्याचं तोंड मऊ. चुरगळलेल्या असल्या तर तोंड कडक झालं, आणि एकदा कडक झालेलं तोंड पुन्हा मऊ होत नाही. मग त्या कुत्र्याचं काम संपलं. बहुतेकदा हे पहिल्या जिवंत पक्ष्यापाशी होतं. जखमी नर पायामागच्या काट्याने कुत्र्याचं तोंड फाडतो, कुत्रा त्याला गप्प करायला जोरात चावतो, आणि चावलं की गप्प होतं एवढं कायमचं शिकतो. म्हणून बाईंचा नियम होता: पहिल्या हिवाळ्यात जिवंत पक्षी द्यायचा नाही. आणि चुकून आलाच हातात, तर आपल्या पायामागे धरून, कुत्र्याच्या नजरेआड, क्षणात मारायचा.

मारायचं कसं, तेही त्यांनी मेलेल्या पक्ष्यांवर शिकवलं. डोक्यामागे दोन बोटं, खाली ओढायचं, मनगट मागे वळवायचं. मी घरी ओट्याशी उभी राहून सराव करायचे. एकदा नवरा लॅपटॉप घेऊन दारात आला आणि म्हणाला, "माझी मीटिंग चालू आहे, तो मुडदा जरा कॅमेऱ्याच्या बाहेर धर." सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, मग कुत्री तो पक्षी खाते का. मी म्हटलं, नाही हो, ती फक्त आणून देते. "मग खातं कोण?" आम्ही, मी म्हटलं, किंवा जे मारतात ते. त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा कुत्रीच बरी की गं."

मला त्या दिवसांत सारखं आपलं लेस्टरचं स्वयंपाकघर आठवत होतं. शनिवारची सकाळ. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली नाइट ड्यूटी संपवून तू मार्केटवरून येतेस, कोट न काढताच वर्तमानपत्रातले खेकडे सिंकमध्ये सोडतेस. अलिबागच्या चिंबोऱ्यांच्या दुप्पट, विटकरी, संतापलेले. बाहेरच्या खोलीत बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. तू एकेक खेकडा उताणा करतेस, पोटावरचं झाकण अंगठ्याने उघडतेस, तिथे पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवतेस आणि तळहाताने दणका देतेस. सगळे पाय एकदम ताठ होतात आणि मग सैल पडतात. "झालं हं, झालं," तू म्हणतेस. इंजेक्शन देताना तू पेशंटना हेच म्हणायचीस, इंग्लिश म्हाताऱ्यांनासुद्धा मराठीतून. माझ्या तळपायातली काच काढतानाही हेच म्हणाली होतीस. खेकड्याला म्हणायचीस तेव्हा मात्र मला वाटायचं, तू त्याची थट्टा करतेस.

मी बारा वर्षांची असेन, तू स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलास. मी टेकवला, दाबला, आत काहीतरी करकरलं, आणि माझा हात सुटला. खेकडा स्क्रूड्रायव्हरसकट ओट्यावरून तिरका धावला, खाली पडला आणि ओव्हनखाली शिरला. ती प्लॅस्टिकची मूठ लाद्यांवर आपटत होती. तू गुडघ्यांवर बसून आत हात घातलास. त्याने तुझं बोट धरलं. तू तसंच त्याला बाहेर ओढलंस, संपवलंस, उठलीस, आणि ओल्या हाताने माझ्या थोबाडीत दिलीस. "एक तर हात लावू नकोस," तू म्हणालीस, "आणि लावलास तर अर्ध्यावर सोडू नकोस. तुला दया आली म्हणून त्याचं मरण लांबलं." तुझ्या बोटातून रक्त गळत होतं आणि तू दुसरा खेकडा माझ्यापुढे ठेवत होतीस. मी रडत रडत दणका दिला. झालं हं, झालं. ते तू मला म्हणालीस की खेकड्याला, हे मला अजून कळलेलं नाही. पुढे मी युनिव्हर्सिटीला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी तो स्क्रूड्रायव्हर निघाला. हॉस्टेलवर मी त्याने पुस्तकांचं शेल्फ जोडलं, दुसरं काही केलं नाही.

काल कुत्रीचा पहिला शूट होता. ठरलं असं होतं की ती दिवसभर माझ्याशेजारी बसून फक्त बघेल आणि शेवटी तिला एक मेलेली मादी आणायला मिळेल. बाईंनी मला एका कुंपणाच्या टोकाला उभं केलं आणि त्या स्वतःचे दोन कुत्रे घेऊन झाडीच्या पलीकडे गेल्या. हाकारे काठ्या आपटत झाडीतून आले आणि पक्षी उठले, आधी एकेक, मग थवेच्या थवे, आणि बंदुका सुरू झाल्या. आई, इतक्या जवळून मी हे कधी ऐकलं नव्हतं. आवाज कानात नाही, दातांत येतो. छर्रे पानांवर सांडत होते. पक्षी हवेतच दुमडायचा, डोकं मागे टाकायचा आणि पोत्यासारखा जमिनीवर आदळून पुन्हा उसळायचा. एक पाय लोंबत असलेला एक तसाच उडत निघून गेला. एका मादीची पिसं, ती पडून गेल्यावरही, वर हवेत तरंगत होती. कुत्री मागचे पाय थरथरवत बसली होती, पण बसली होती. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि कशाचा अभिमान वाटतोय असाही प्रश्न पडत होता. हे पक्षी उन्हाळाभर दाणे घालून वाढवलेले असतात. तू खाण्यासाठी मारायचीस. इथे खाणं नंतर सुचलेलं वाटतं.

दुसऱ्या हाक्यात एक नर माझ्या मागे पडला, उठला आणि मोडलेला पंख फरफटवत शेजारच्या केलच्या, म्हणजे कोबीसारख्या पालेभाजीच्या, पिकात पळाला. मी बाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. सोडलं तर अंधार पडल्यावर कोल्हा त्याला जिवंतपणी फाडणार होता. पाठवलं तर दोन वर्षांची मेहनत आणि कुत्रीचं सगळं आयुष्य त्या एका पक्ष्यासाठी पणाला लागणार होतं. बाई काय म्हणाल्या असत्या ते मला पक्कं माहीत होतं. तू काय म्हणाली असतीस तेही. मी कुत्रीच्या गळ्यातला दोर काढला आणि तिचं नाव घेतलं.

तिने तो आणला. डोकं वर, तोंड इतकं हलकं की पक्षी त्यातून इकडेतिकडे बघत होता. माझ्यासमोर बसून तिने तो माझ्या हातात दिला, जसा शंभरदा मेलेला दिला होता तसाच. फ्रीझरमधल्या पक्ष्याची मान लोंबते. ही मान माझ्या बोटांना उलट ढकलत होती. त्याची पापणी खालून वर मिटली आणि उघडली. बस, तेवढंच मी थांबले. त्याने पाय झाडला, काटा कुत्रीच्या ओठात घुसला आणि ओठ फाडून बाहेर आला. ती ओरडली आणि उडी मारून तिने त्याचं अंग धरलं. मान माझ्याकडे, अंग तिच्याकडे. मी ओढलं, तिने ओढलं, आणि मी "झालं हं, झालं" असं मोठ्याने ओरडत होते, काहीही झालेलं नसताना. मग एकदम माझा हात हलका झाला. गरम रक्त बाहीच्या आत कोपरापर्यंत गेलं. तिने सोडलं ते दुसऱ्यांदा सांगितल्यावर.

बाई लंगडत आल्या. माझी बाही, कुत्रीचा ओठ आणि दोन तुकड्यांतला पक्षी बघून त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं. मी, म्हटलं. जिवंत आला? हो.

"आणि तू त्याच्याकडे बघत बसलीस," त्या म्हणाल्या. "मी तुला कुत्री सांभाळायला सांगितली होती. पक्षी नव्हे." मग म्हणाल्या की त्या टोकाला जखमी पक्षी पळतातच, तिथे मला उभं करायला नको होतं, त्यांचंही चुकलं. त्या पक्ष्याच्या बरगड्या त्यांनी तपासल्या नाहीत. त्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटच्या हाक्यानंतर ठरल्याप्रमाणे उघड्यावर पडलेली एक मेलेली मादी तिच्याकडून आणवली. ती सरळ गेली, सरळ आली. बाईंनी आधी बोटं दाबली, मग मादी माझ्याकडे दिली. उजवी बाजू टोपलीसारखी घट्ट. डावीकडे अंगठ्याखाली दोन बरगड्या आत गेल्या.

"पडतानाही मोडतात," बाई म्हणाल्या. "किंवा नाही. एका पक्ष्यावरून कळत नाही. पुढच्या शनिवारी दोन-तीन देऊन बघू. तेही असेच निघाले तर घरी सोफा आहेच तिला."

घरी आल्यावर नवऱ्याने माझी बाही बघितली आणि एवढंच म्हणाला की ते माझ्या शर्टांबरोबर मशीनला लावू नकोस. मग चहा करून माझ्यासमोर ठेवला. कुत्री सुजलेला ओठ घेऊन नव्या सोफ्यावर झोपली होती, आणि कुणी तिला उठवलं नाही. मी शेजारी बसून तिच्या तोंडात बोट घातलं. तिने झोपेतच ते धरलं. दाब होता की नव्हता, हे मी कितीतरी वेळ ठरवत बसले.

आज सकाळी ड्रॉवरमधून तो स्क्रूड्रायव्हर काढून हातात धरून बघितला. हे पत्र त्याच्याखाली ठेवणार आहे, पोस्टात टाकायचं तर नाहीच. शनिवारी मी जाणार आहे. नवऱ्याला सांगितलंय की कुत्रीचं तोंड तपासायला हवं, आणि ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. मला पुन्हा एक जिवंत पक्षी हातात हवा आहे. या वेळी एका ओढीत, आणि "झालं" म्हणायचंय ते झाल्यावर.