विसावं पाकीट

९ नोव्हेंबर २०१९, शनिवार

पोचले. पाय सुजलेत. त्सुनेओनं स्टेशनवर वाकून नमस्कार केला आणि लगेच हातात कागद ठेवला. छापलेला! माझे दहा दिवस, तासातासाला आखलेले. रविवारी आत्याची मुलं. सोमवारी गरम पाण्याचं कुंड. मंगळवारी किल्ला. बुधवारी परत गरम पाणी. मी काय उकडून घ्यायला आलेय? आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात: रविवार १७, सकाळी अकरा, वडिलांचं तेहतिसावं श्राद्ध.

"ताई, तुझी दगदग नको म्हणून केलं," म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ. पासष्ट वर्षांचा. लहानपणी माझ्या पाठीवर बसून माझ्याच बाहीला शेंबूड पुसायचा, आता मला वेळापत्रक देतो.

माझ्या पिशवीतही एक कागद आहे. आज काढला नाही. उद्या.

१० नोव्हेंबर

काढला.

जेवण झाल्यावर कोतात्सूवर, त्या शेगडीच्या बैठ्या मेजावर, नकाशा पसरला. पाय खाली उबेत, वर सगळ्यांचे चेहरे थंड. कुरुमिदाइरा, इशिबारा, ताकिनोसावा. तीन गावं, तीन दिवस, मी एकटी.

त्सुनेओनं चष्मा वर केला. "तिथं काय आहे?"

"पोस्ट."

"ताई, माणसं ब्राझीलहून येतात ती क्योतोला जातात!"

"त्यांच्या आया क्योतोहून पत्रं टाकत असतील."

नकाशाची घडी घालायला लागला. घालणारच. आईनं मला पत्रं लिहिली, हे तो अजून धड मानत नाही. एकोणीस पत्रं आहेत माझ्याकडे. इथल्या प्रत्येक लहान पोस्टाचा आपला चित्राचा शिक्का असतो. कुठे धबधबा, कुठे झुलता पूल, कुठे अक्रोडाची फांदी. माझ्या एकोणीस पत्रांवर अकरा गावांची चित्रं आहेत. आणि आमच्या गावाचं एकावरही नाही.

कारण उघड आहे. गावचा पोस्टमास्तर म्हाताऱ्याचा चुलतभाऊ. रोज संध्याकाळी दोघं पटावर डाव मांडून बसायचे. आणि मी नवऱ्याबरोबर, शिरोबरोबर, ब्राझीलला निघाले तेव्हा म्हातारा दारात उभा राहून बोलला होता, "जहाजावर चढलीस की मेलीस. त्या नावाचं चिठोरंसुद्धा या घरात येता कामा नये." माझं पहिलं पत्र त्यानं चुलीत घातलं. आईनं पाकीट तेवढं वाचवलं, पत्त्यासाठी. तिच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ: उत्तर पाठवू नकोस. मी एकोणीस वेळा ते ऐकलं. आयुष्यात मी ऐकलेली तेवढीच एक गोष्ट!

मी त्याला वडील म्हणत नाही, म्हातारा म्हणते. तो सदुसष्टाव्या वर्षी गेला, मी सत्तरीची. म्हणजे हिशेबानं म्हातारी मीच. पण शब्द त्यालाच शोभतो.

अकरा गावं होणार नाहीत. गुडघ्यांची जोडी एकच आहे. तीन निवडलीत.

११ नोव्हेंबर

गरम पाणी. उकडून निघाले. एक दिवस दिला त्यांना, झालं.

१२ नोव्हेंबर

किल्ल्याला नाही म्हटलं आणि त्सुनेओच्या बायकोबरोबर, काझुएबरोबर, पर्सिमन सोलायला बसले. हंगाम आहे, पडवीभर माळा लटकल्यात. ब्राझीलला आमच्या मळ्यातही हेच फळ. हात थांबत नाहीत. काझुए माझ्याकडे बघतच राहिली. "वन्सं, तुम्ही साल तोडत नाही! एकसलग! मामंजी सोलायचे अगदी तशी."

मी म्हटलं, मला आईनं शिकवलं. (खोटं. त्यानंच शिकवलं होतं. पण मी काझुएला कशाला सांगू?)

काझुए बोलकी आहे, नवरा घरात नसला की. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हाच्या गोष्टी सांगत होती. "मामंजींना मासेमारीचं भारी वेड हो. पाऊस लागला, मळ्यात काम नसलं, की गळ घेऊन निघाले. आणि एक मासा लागला असेल तर शपथ! डबे मात्र दोन. मी विचारलं एकदा, दोन कशाला? तर म्हणे, नदीवर भूक फार लागते."

खादाड! सगळ्यांना धाकात ठेवायचं आणि दोन डबे खायचे.

१३ नोव्हेंबर

कुरुमिदाइरा झालं!!

तिथली बस आदल्या दिवशी फोन केला तरच येते. आली. मी एकटीच उतारू. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, वर कुणाकडे?" म्हटलं, पोस्टात. "पत्र टाकायला? अहो, खाली पेटी आहे की!" म्हटलं, तुम्ही गाडी चालवा.

वळणं मोजली. एकसष्ट. आईला बस लागायची. गावाच्या पुलापर्यंत गेली तरी रुमाल तोंडाला. आणि ही बाई एकसष्ट वळणं चढून इथं आली, माझ्यासाठी, ओकत ओकत! मी मागच्या बाकावर बसून रडले. आनंदानं. अभिमानानं. कुणाच्या बापाला न भिणारी मी एकटी नव्हते तर या घरात.

पोस्टात साठीचा एक गृहस्थ. मी पाकीट पुढे केलं. शिक्का बघून हसला, अक्रोडाची फांदी अजून तीच आहे. म्हणाला, "माझे वडील होते तेव्हा मास्तर. ते एका बाईंची गोष्ट सांगायचे. ब्राझीलचं तिकीट इथं दुसरं कुणी मागायचंच नाही! त्या आल्या की सुक्या पर्सिमनची पेटी ठेवून जायच्या. मोठी, लाकडी. आम्ही पोरं वाट बघायचो."

रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये. आई ती!

ताजा शिक्का मारून घेतला वहीत. घरी आल्यावर त्सुनेओच्या ताटाशेजारी उघडून ठेवली. त्यानं बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण मान न वळवता.

१४ नोव्हेंबर

मोठं भांडण.

ताकिनोसावाला मी रविवारी जाणार, असं सांगून टाकलं. १७ तारखेला. सकाळी अकराला मी त्या गावात असेन.

त्सुनेओच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली पडल्या. "ताई, ते शेवटचं आहे! तेहतिसाव्यानंतर देव्हाऱ्यातली त्यांच्या नावाची पाटी निघते, नाव पूर्वजांत मिसळतं. परत त्यांच्या नावानं काही होत नाही. गुरुजींना सांगितलंय, थोरली मुलगी येतेय, पहिली उदबत्ती ती लावेल."

"कुणाला विचारून सांगितलंस?"

"बाप होता आपला!"

"तुझा होता. माझा जहाज सुटायच्या आधीच संपला. मेलेल्या मुलीनं उदबत्ती कशी लावायची रे?"

काझुए स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

मी हट्टानंच तो दिवस धरलाय. इथं लिहायला काय हरकत आहे? दुसरा दिवस जमला असता. पण मी इतक्या लांब आलेय ती त्याच्यापुढे न वाकण्यासाठी. घरात बसून न वाकण्यापेक्षा आईच्या वाटेवर उभं राहून न वाकणं बरं. आणि ही शेवटचीच संधी आहे.

मग जरा ओशाळून मी त्सुनेओला म्हटलं, तुझे एका गोष्टीचे आभार मानायचे राहिलेत. आई गेल्याचं तू कळवलंस, ते पाकीट. विसावं. ताकिनोसावाच्या शिक्क्याचं.

"कुठलं पाकीट?"

दाखवलं. आत वर्तमानपत्राचं कात्रण, आईच्या निधनाची बातमी, चार ओळी. सोबत चिठ्ठी नाही, अक्षर नाही. वर माझा पत्ता, रोमन अक्षरं लिहिलेली नव्हे, चित्रासारखी काढलेली. त्यातला एक S उलटा.

"मी नाही पाठवलं," म्हणाला. "मला तुझा पत्ता पंच्याण्णव साली ब्राझीलला गेलेल्यांच्या मंडळातून मिळाला. आई गेली चौऱ्याऐंशीला!"

मग मावशीनं पाठवलं असेल. दुसरं कोण?

१५ नोव्हेंबर

इशिबारा. काउंटरवरच्या पोरीला काहीच माहीत नाही, तिचा जन्मच नंतरचा. झुलत्या पुलाचा शिक्का मिळाला. पुलावरून चालले, मधे उभी राहून खाली बघितलं. वर माकडं, खाली नदी, मधे मी. आयुष्यात यापेक्षा चांगली सहल झाली नाही माझी. क्योतो गेलं खड्ड्यात!

१६ नोव्हेंबर

त्सुनेओ बोलत नाही. काझुएनं न बोलता उद्याचा डबा भरायला घेतलाय. मी म्हटलं, एकच पुरे.

१७ नोव्हेंबर, रविवार

हे नीट लिहायला हवं. 

सकाळची नदीकाठची गाडी. उतरले त्या स्टेशनला रस्ता नाही, पायवाट आहे. तासभर चालले. पाऊस भुरभुरत होता. ताकिनोसावात आता नऊ घरं. पोस्ट बंद होऊन वीस वर्षं झाली. ते होतंही एका दुकानातच, तिथल्या बाईच चालवायच्या. बाई आहेत. कियो आजी, एक्याण्णव. पडवीत बसून मुळे धूत होत्या.

"कोण गं तू? इथं कुणी चुकूनसुद्धा येत नाही."

"मी चुकून आले नाही," म्हटलं, आणि पाकीट दिलं.

त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं. मग हसायलाच लागल्या. "हा उलटा S! मी म्हटलं होतं त्याला, उलटा झालाय म्हणून!"

"कुणाला?"

"त्या माणसाला गं. मासेवाल्याला. आम्ही तसंच म्हणायचो. पांढरा छोटा ट्रक, मागे गळ, आणि गळाची गाठसुद्धा कधी सोडलेली नसायची! बाई आत येऊन पत्र टाकायची, हा बाहेर ट्रकमध्ये. उतरायचा तो फक्त पर्सिमनची पेटी पायरीवर ठेवायला. मग दोघं तिथंच बसून डबे खायची आणि जायची. एकदा पावसात मी चहा घेऊन गेले. मला म्हणतो कसा, 'मी इथं आलेलोच नाही.' चहा मात्र प्यायला!"

मी पायरीवर बसले. त्याच पायरीवर असेन.

एकसष्ट वळणं. लाकडी पेटी. दोन डबे. मी सत्तर वर्षांची, स्वतःला हुशार समजणारी बाई, आणि बसमध्ये ओकणारी आई एवढी मोठी पेटी घेऊन वर कशी आली, हे एकदाही मनात आलं नाही. कारण मला तिथं तो नको होता.

कियो आजी बोलतच होत्या. "मग एकदा एकटाच आला. आत आला, पहिल्यांदा. त्या तिथल्या टेबलाशी बसला. जुन्या पाकिटाचा जळका तुकडा होता त्याच्याजवळ, त्यावरून अक्षरं काढत होता. तासभर! तीन पाकिटं वाया घालवली. मी म्हटलं, अहो आणा, मी लिहिते. तर म्हणाला, 'नको. पोरीचा पत्ता आहे.'"

पोरीचा.

आजींच्या भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजायला दहा मिनिटं. तेहतिसावं होऊन गेलं होतं.

१८ नोव्हेंबर

काल संध्याकाळी त्सुनेओला सगळं सांगितलं. त्यानं माझ्या वाटचं श्राद्धाचं जेवण झाकून ठेवलं होतं. ते माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "म्हणून एकही मासा नसायचा." आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाठीवर घेऊ शकत नाही आता. पाठीवर हात ठेवला.

मला राग आलाय. खूप. असं चोरून माया करायची असते का? दारात उभं राहून एक शब्द मागे घेता आला नाही तुम्हाला? मी एकोणपन्नास वर्षं तुमच्याशी भांडले, आणि तुम्ही खाली ट्रकमध्ये बसून होतात!

आज सकाळी पर्सिमन सोलले. एकसलग. काझुएला सांगितलं, कुणी शिकवलं ते.

१९ नोव्हेंबर

एकटीच मठात जाऊन आले. गुरुजींना विचारलं, बाबांचं चौतिसावं कधी येतं? म्हणाले, तेहतिसाव्यानंतर काही नसतं, ताई. म्हटलं, असतं. मी येतेय पुढच्या नोव्हेंबरात, पहिली उदबत्ती माझी.