गाऊन भाड्याने मिळेल

११ जून
मॅट्रिकला परत गचकलो! आई चिरूट वळत बसली. मग म्हणाली, बांगड्या विकते, चांगली शिकवणी लावू, पुढं विद्यापीठ. भिंतीवर दादाच्या पदवीच्या फोटोशेजारी माझ्या फोटोसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. काय तो विश्वास!

१३ जून
दादा — प्राणीशास्त्राचा पदवीधर. त्यात आईची गळ्यातली साखळी गेली. आता मंडालेत मोबाईलची कव्हरं विकतो. एका कव्हरावर वाघ आहे. तेवढाच विषयाशी संबंध.

१६ जून
मामाच्या फोटो स्टुडिओत काम. गाऊन एकच, अख्ख्या पखुक्कू गावचे पदवीधर त्यातच शिरतात. हातात धरायची पदवीची गुंडाळी हरवली, म्हणून मी चहाच्या दुकानातला दरपत्रकाचा कागद गुंडाळून दिला. भूगोलवाली एक ताई तो छातीशी धरून रडली. आत काय — मोहिंगा, समोसा, दुधाचा चहा.

१७ जून
डोकं चाललं! मामा झोपल्यावर गाऊन चढवला, टायमर लावला, क्लिक. चार वर्षांचं काम उरकलं. आई खूश, बांगड्या हातातच, मी मोकळा.

१८ जून
फोटो टांगला. शेजारच्या मावशीनं विचारलं, कशात रे पदवी? म्हटलं, गाऊन घालण्यात. मावशी खो खो हसली. आई नाही हसली.
"तुला खरंच नाही जायचं?"
"दादाचं बघतेस ना? कशाला पैसे घालवायचे?"
ती माझ्याकडं बघतच राहिली. मग फोटो नीट सरळ केला. म्हणजे पटलं. जिंकलो!

२३ जून
आईच्या हातात बांगड्या नाहीत. शिकवणीची फी भरून आली! गुपचूप! मी ओरडलो, पाऊल ठेवणार नाही तिथं, पैसे परत आण. ती शांतपणे म्हणाली, "तू नकोच येऊस."
येऊस?

२४ जून
सकाळी गालाला तनाखाचा लेप लावून, खांद्याला पिशवी अडकवून आईच शिकवणीला गेली. मॅट्रिकच्या वर्षी तिला शाळेतून काढलं तेव्हा आजोबा हेच म्हणाले होते म्हणे — कशाला पैसे घालवायचे. मला भात लावायला सांगितलाय, आणि माझी पुस्तकं काढून ठेवायला. काढली. तिसऱ्या धड्यापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत. एकेक सोडवत बसलोय.