हो, हेच

३ मार्च

स्वारी गेली. परदेशात, कामावर जाताना गाडी उलटून. वकिलातीतल्या माणसाचा फोन दुकानात आला. आवाज असा, की जणू पार्सल येऊन पडलंय. "तुमचे वडील ना?" मी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होतो. ती बसवली, कानामागे काडी नीट वाकवून दिली आणि मग बाहेर जाऊन उरलेलं ऐकलं.

मी पहिलीत असताना स्वारी गेली ती गेलीच. आधी पत्रं, मग कधीतरी फोन, मग तेही बंद. पैसे नाहीत, पत्ता नाही. आणि आता मेल्यावर मुलगा आठवला! म्हणजे त्यांना नाही, वकिलातीला.

४ मार्च

मी आईला म्हटलं, तिथंच उरकू देत. जिवंतपणी ज्यांचे पाय या घराकडे वळले नाहीत, त्यांना आता आडवं आणायची हौस कशाला? आई भाजी चिरत होती. सुरी थांबवली नाही.

"मला एकदा तोंड बघायचंय. बघितलं की झालं."

या बाईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे. नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी आत्या आली. स्वारीची सख्खी बहीण. घरात तिला आम्ही तोफ म्हणतो. भाऊ होता तोवर कधी चौकशी नाही, आणि आता सोफ्यावर ठाण मांडून "माझा दादा, माझा दादा". बैल गेला आणि झोपा केला!

६ मार्च

नात्याचा पुरावा हवाय. मी मुलगा असल्याचं बापानं कधी सिद्ध केलं नाही, ते मी करायचं.

वकिलातीतला माणूस तसा वाईट नाही. म्हणाला, एकाच खोलीत राहणारे दोघं गेलेत, दोघं साधारण एकाच वयाचे. फोटो पाठवतो, नीट बघून सांगा, तुमच्या सांगण्यावरच पुढचं सगळं. मग विचारलं, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?

"दोन वर्षांपूर्वी. सुट्टीवर आले होते."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. परक्या माणसासमोर एवढी अब्रू कशाला सांभाळायची? पण सांभाळली.

७ मार्च

फोटो आला. पांढरे खुंट, सुजलेलं तोंड, कपाळाला पट्टी. म्हातारा. माझ्या आठवणीत काळी मिशी आहे, तीसुद्धा लग्नाच्या फोटोतली.

मी दिवसभर लोकांची तोंडं मापतो. कुणाला गोल फ्रेम, कुणाला चौकोनी, एका नजरेत सांगतो. आणि इथं? डोकं रिकामं! तोफेनं फोन हिसकावला. "नाक आमचंच!" म्हणून जो गळा काढला, तो शेजारचे दारात येईपर्यंत. आईनं फोन हातात घेतला. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात तिकडून पुन्हा फोन. ओळख पटली का?

"हो, हेच," मी म्हणालो. ठणकावून. ज्याला सांगायला लाज वाटते, त्याचा आवाज मोठा होतो!

आई गॅस बंद करायला आत गेली. डोळ्यांत टिपूस नाही. राग आला मला तिचा. याच्यासाठी एवढा खटाटोप?

८ मार्च

दुकानात दोनदा चुकीची काच बसवली. मालकानं चालवून घेतलं. बाप गेलाय ना माझा!

१३ मार्च

उद्या येताहेत. पेटीचं सगळं बघणारा एजंट बजावून गेला, उघडू नका, इतके दिवस झालेत, झेपणार नाही. तोफही तेच म्हणते. आई एवढंच म्हणाली, "उघडायची."

१४ मार्च

विमानतळाच्या मालगोदामात, खोक्यांच्या रांगेत पेटी. वजन लिहिलेलं. सही करून घेतली.

घरी बाहेरच्या खोलीत ठेवली. एजंटच्या माणसानं स्क्रू काढले. आई पुढे झाली. ओणवी झाली. कपाळावरची पट्टी हळूच वर सारली.

"हे ते नाहीत."

तोफ म्हणाली, अगं, मेल्यावर चेहरा बदलतो माणसाचा. आई म्हणाली, "खोकेची खूण बदलत नाही. यांच्या कपाळावर खोक होती, लग्नाआधीची. याला नाही." मग पदरानं त्या परक्या माणसाच्या कपाळाला चिकटलेला कापूस पुसून काढला आणि पट्टी होती तशी ठेवली.

मी वकिलातीचा नंबर शोधू लागलो.

१५ मार्च

वकिलातीला फोनवर फोन. माझ्या एका 'हो'वर तिथं नावाची चिठ्ठी बांधली. मग उरलेला तो आपोआप दुसऱ्या घरचा. ती माणसं शहाणी. सांगितल्याप्रमाणे पेटी उघडलीच नाही. चार दिवसांपूर्वी स्वारीला अग्नी देऊन, सगळं उरकून मोकळी झाली. काहीही शिल्लक नाही.

आईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

बरं!

१८ मार्च

त्या घरचा थोरला मुलगा वडिलांना न्यायला आला. वाटलं, हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं. पेटी आम्ही ज्या शवागारात ठेवली होती तिथं तो गेला, त्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि असा रडला, की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

नंतर घरी आला. आईनं समोर बसवलं आणि विचारलं, "तिकडे कोण कोण रडलं?" तो गोंधळला. मग सांगू लागला. त्याची आई पेटीला मिठी मारून बसली होती. बहिणी. नातवंडं. सगळी गल्ली. एक शेजारी तर दोन दिवस जेवला नाही. आई मधेच थांबवून विचारी, आणि? आणि मग? सगळं, अगदी सगळं सांगायला लावलं.

तो गेल्यावर म्हणाली, "चांगलं झालं त्यांचं. इथं कोण रडलं असतं?"

तोफ त्याच संध्याकाळी सामान घेऊन गेली.

२१ मार्च

आज चहा पिताना आई आपण होऊन बोलली. "फोटो बघितला तेव्हाच वाटलं होतं, हे बाबा नव्हेत तुझे. पण तू इतक्या खात्रीनं हो म्हणालास! वाटलं, लेकरू ओळखतंय आणि मीच विसरले."