मोहाखालचा चौथरा

प्रिय अक्का,

पत्र पाहून घाबरशील, म्हणून आधी लिहितो: घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू मध्येच "हाव, हाव" करतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. दाजींचा खोकला गेला का? लातूरच्या डाळमिलची धूळ त्यांना सोसत नाही, हे मी पहिल्यापासून म्हणतोय. इकडे कपाशी गुडघ्याला लागली.

आपल्या वनहक्काच्या दाव्याची स्थळपाहणी झाली. तुला ठाऊक आहे, हा कायदा मला कुणी शिकवला नाही. किनवटच्या कचेरीबाहेर बसून मी तो वाचला. जंगलजमिनीवर आदिवासीचा कबजा तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीचा लागतो. पुरावा काय चालतो तेही नियमात आहे: विहीर, जुनं घर, दफनाची जागा, देवस्थान. आपल्या आंधवाडीतले सगळे दावे मीच लिहिले, एक वेलांटी चुकू दिली नाही. लोक 'वकीलसाहेब' म्हणतात. थट्टेनं म्हणतात हे कळतं, तरी बरं वाटतं.

आपला पुरावा म्हणजे मोहाच्या झाडाखालचे पितरांचे दगड. माणूस गेलं की ओढ्यातून दगड आणून तिथं रोवायचा, दर वैशाखात आखितीच्या सणाला त्याला पाणी घालायचं. जुने तर निम्मे जमिनीत गेलेले, शेंदराची पुटं चढलेले. शेवटचा आईचा. तो तू डोक्यावर आणलास, मला हातसुद्धा लावू दिला नव्हतास.

पाहणीची तारीख कळली आणि मला त्या दगडांची लाज वाटली. साहेब लोक येणार, त्यांना काय उघडे धोंडे दाखवायचे? तुझी भावजय कावेरी म्हणाली, "राहू द्या की, त्यांना काय ऊन लागून राहिलं?" मी ऐकलं नाही. सगळे दगड उपटले, भराव म्हणून आत टाकले, वर सिमेंटचा चौथरा आणि पांढऱ्या फरश्या. कोपरे मी स्वतः गवंड्याचा गुण्या लावून तपासले.

आलेल्यांपैकी एकजण फरशीवर चप्पल घासून म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचे पितर मागच्याच महिन्यात राहायला आले का?" सगळे हसले. आपल्या वाडीतले जास्त हसले. पंचनाम्यात लिहिलं, 'नवीन बांधकाम. जुन्या वहिवाटीच्या खुणा आढळल्या नाहीत.' वाक्यात एकही चूक नव्हती. मी वाचून सही केली.

ग्रामसभेनं फेरपाहणी मागून घेतली आहे, पोळ्याच्या आधी होईल. चौथरा फोडून दगड काढायचे ठरलंय. पण उपटलेला दगड एकटा काय बोलणार? कोणता कोणाचा, कुठं रोवला होता, हे सांगणारं वडीलधारं माणूस पाहिजे, आणि ते दावेदार नको. असं आता तूच उरलीस. दावा करताना मी तुला विचारलंही नव्हतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला काय विचारायचं, असं चार लोकांत बोललो होतो. दाव्यात तुझं नाव नाही, म्हणूनच तुझी जबानी चालते. दावा गेला तर वनखात्याचे लोक तिथं रोपवनाचे चर खणतील, थेट मोहापर्यंत.

एवढ्यासाठी फोन पुरला असता. पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. तू आलीस की आधी आईचा दगड शोधशील. तो अखंड नाही. चौथऱ्याच्या वर येत होता, फरशी सपाट बसेना, म्हणून मी घणानं फोडला. गवंडी नको म्हणाला. त्याच्या हातातून घण घेऊन मीच फोडला. तुला हे सगळ्या पंचांपुढं कळू नये. वाचूनही यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तर जमिनीचा बोल तुला लावणार नाही. तुझा निरोप येईपर्यंत चौथऱ्याला पहार लागणार नाही. आणि आलीस तर ते तुकडे वेचताना मला हात लावू देशील का, तेवढं आधी कळव.

तुझाच लहाना,
अंगद